संध्याकाळचे चार तास

व्यसनमुक्तीची चर्चा आपल्याकडे बहुधा निर्धाराच्या भाषेत चालते. माणसाने शपथ घ्यावी, ती मोडली की समाजाने त्याला दुबळा ठरवावे आणि सारा प्रश्न त्याच्या घराच्या उंबऱ्याआत ढकलून द्यावा, असा हा क्रम आहे. दारू सुटल्यावर संध्याकाळी सहा ते दहा त्या माणसाने करायचे काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. ते उभारणाऱ्या दांपत्यापैकी अनिल अवचट हे ‘गर्द’च्या विळख्याविषयी तळमळीने लिहिणारे, तेच ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम, चित्रे आणि बासरी यांतही रमत. २०२२ साली ते निवर्तले. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदत होत्या, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

व्यसन सोडू पाहणाऱ्याचा हात आरंभी थरथरतो. कागदाची घडी तिरकी जाते, ती उलगडून पुन्हा घालावी लागते. चुकीची शिक्षा एवढीच. वर्षानुवर्षे केवळ धिक्कार ऐकलेल्या माणसाला ही सौम्य शिस्त नवी असते. नशा जे काही मिनिटांत उसने देते, ते येथे तासाभराच्या चिकाटीने, पण स्वतःच्या बोटांनी मिळवावे लागते.

तथापि छंद म्हणजे उपचार नव्हे. दीर्घकाळ अतोनात पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. तेथे डॉक्टर हवा, पेटी-तबला नव्हे. छंदाचे काम नंतरचे आणि दीर्घ पल्ल्याचे. (मैफल संपल्यावर बाटली उघडणारी मंडळेही आहेत, तेथे सोबत कोणाची, हे आधी पाहावे.)

परंतु छंदाला वेळ लागतो, जागा लागते. गिरणगावात ती होती. भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी यांनी पाळी संपवून आलेल्या माणसाची संध्याकाळ धरून ठेवली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे उठले आणि ती संध्याकाळ बेवारस झाली. आज बारा तास राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला चित्रकलेचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी ही मुळात उरलेल्या तासांवरील हक्काचीही मागणी होती.

आणि त्याची पत्नी? पती बासरी शिकत असताना भांडी, मुले आणि उधारी तिच्याच वाट्याला असतील, तर एकाच्या मुक्तीची किंमत दुसरी मोजत आहे. तिलाही एक तास आणि एक बैठक मिळालीच पाहिजे.

शासनाला मद्यावरील करातून मोठे उत्पन्न मिळते. चंद्रपुरात २०१५ साली लागू केलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवताना दुकाने पुन्हा उघडण्याची तत्परता दिसली. या उत्पन्नातील अल्प अंश बाजूला काढून, संध्याकाळी कुलूपबंद असणाऱ्या नगरपालिका शाळांचे वर्ग प्रत्येक वस्तीत उघडे ठेवावेत, तेथे वाद्ये, रंग, सुतारकामाची हत्यारे आणि मानधनावर एक शिक्षक असावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता प्रभागसभांतून लावून धरावी. घसरून परत आलेल्यालाही त्या वर्गाचे दार बंद नसावे, ही अट त्या मागणीतच घालावी.