बोर्डावर नंतर, आधी रेक्टिफायरवर खर्च करा!

बॅटरी चार्जिंगचं दुकान टाकायचं ठरलं की पहिला खर्च कशावर होतो? फ्लेक्स बोर्ड, काचेचं काउंटर, रंगकाम. आणि चार्जर? "मिळेल तो स्वस्तातला." माझं स्पष्ट मत आहे, धंद्याचा पाया इथेच कच्चा राहतो.

जरा समजून घ्या. सॉकेटमधून येतो तो 230 व्होल्टचा एसी. त्याची दिशा सतत बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेचा करंट, म्हणजे डीसी लागतो. रेक्टिफायरमधला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो आणि डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. झाला डीसी! पण एवढ्यानं भागत नाही. व्होल्टेज आणि करंट ताब्यात ठेवणं, खरं काम ते.

150 एएचची 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घ्या. साधा हिशोब क्षमतेच्या दहाव्या भागाचा, म्हणजे 15 अँपिअर. व्होल्टेज 14.4 च्या आसपास गेलं की आतल्या पाण्याचा गॅस व्हायला लागतो. चांगला चार्जर तिथं करंट कमी करत नेतो आणि बॅटरी भरल्यावर साधारण 13.6 वर धरून ठेवतो. स्वस्तातला मात्र रेटतच राहतो. पाणी आटतं, प्लेटा खराब होतात. सुटणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला, तरी एका ठिणगीनं भडका उडू शकतो. म्हणून चार्जिंगची खोली कधीच बंद ठेवू नका.

"सर, भांडवल कमी आहे." मान्य! मग दहाऐवजी चार बॅटऱ्यांपासून सुरुवात करा, पण चार्जर चांगलाच घ्या. ई-रिक्षावाल्याची बॅटरी म्हणजे त्याच्या घरची भाकरी असते. ती तुमच्या दुकानात खराब झाली तर तो परत येणार नाही, आणि स्टँडवरच्या बाकीच्यांनाही सांगेल.

खरेदीला जाताना तीन प्रश्न विचाराच. करंट कमी-जास्त करता येतो का? बॅटरी भरल्यावर व्होल्टेज आपोआप उतरतं का? वायर उलटी जोडली गेली तर संरक्षण आहे का? आणि उत्तरावर विसंबू नका, मीटर लावून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला, तर सरळ पुढच्या दुकानाची पायरी चढा.

बोर्ड बघून गिऱ्हाईक एकदा येतं. बॅटरी टिकली, तरच ते दुसऱ्यांदा येतं.