लोहाची फेरी आणि मळीतले यीस्ट

रक्तक्षय असलेल्या रुग्णाच्या तपासणी अहवालात कधी कधी ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ अशी एक ओळ असते. डॉक्टर ती वाचतात, घरचे सोडून देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही घराशी ही ओळ संबंधित असू शकते.

ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातले लोह वाहून नेणारे प्रथिन. लोहाचे दोन अणू घेऊन ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. पेशी दोघांना एका इवल्याशा पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतली आम्लता वाढली की लोह सुटते आणि रिकामे ट्रान्सफेरिन पुन्हा रक्तात येते. ही सगळी फेरी वीस मिनिटांच्या आत. प्रवासी उतरवून एसटी स्टँडवर परतावी तशी. फरक इतकाच की ही वेळेवर परतते!

पेशीतली वाहतूक कुठे अडते हे पाहायचे तर संशोधक ट्रान्सफेरिनला चमकणारा रंग जोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काढतात. त्यासाठी शुद्ध प्रथिन लागते. पूर्वी ते दात्यांच्या रक्तद्रवातून काढत. त्यात विषाणूंची धास्ती, शिवाय दर खेपेचा माल थोडा वेगळा. आता मानवी जनुक यीस्टमध्ये, इतकेच काय भाताच्या रोपातही घालून हे प्रथिन तयार करता येते. यालाच रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. असे ट्रान्सफेरिन संशोधनासाठी वापरले जाते. लोहाच्या गोळीला तो पर्याय नव्हे.

यीस्टचा इथे दुहेरी संबंध आहे. पेशीतल्या वाहतुकीचे कोडे सोडवल्याबद्दल २०१३ चे नोबेल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना मिळाले. त्यातल्या शेकमन यांनी ही वाहतूक चालवणारी जनुके शोधली ती यीस्टमध्येच. आणि यीस्टने बनवलेले मानवी प्रथिन पेशीबाहेर पडते तेही त्याच मार्गाने.

हे यीस्ट अहिल्यानगरला नवे नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखरेमागून मळी आली, मळीमागून आसवनी. आसवनीच्या टाक्यांमध्ये मळीचे अल्कोहोल होते ते यीस्टमुळेच. अर्थात आसवनीच्या टाकीत उद्या मानवी प्रथिन तयार होईल असे कोणी समजू नये. त्याला निर्जंतुक छोटे पात्र, शुद्धीकरणाचे स्तंभ आणि काटेकोर तपासणी लागते. पण हे शिकण्यासारखे कसब आहे, आणि लोणीला १९८४ पासूनचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व राहुरीला कृषी विद्यापीठ असलेल्या जिल्ह्यात ते शिकवले जायला हवे.

नाहीतर काय होते, याचा अनुभव जुलै २०२४ मध्ये देशभरच्या संशोधकांनी घेतला. अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झाले. कारण सांगितले गेले ते असे, की या नावाखाली अल्कोहोल देशात आणले जात होते. ओरड झाल्यावर दहाएक दिवसांत प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी दर पुन्हा १० टक्क्यांवर आला. चोरट्या आयातीला लगाम घालणे योग्यच. पण एका फटकाऱ्यात पीएचडीच्या विद्यार्थ्याचा वर्षभराचा बेत कोलमडू शकतो, हे आधी कोणाच्या ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते.

शुल्क उतरले, आयातीवरचे अवलंबन तसेच राहिले. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवते. त्याच धर्तीवर नेहमी लागणारी वीस-पंचवीस प्रथिने सरकारी खर्चाने बनवून महाविद्यालयांना माफक दरात देणारे केंद्र उभे राहायला हवे. सुरुवात ट्रान्सफेरिनपासूनच करावी. रक्तक्षयाचे रुग्ण रोज पाहणाऱ्या डॉक्टरच्या विद्यार्थ्याला, लोह पेशीत कसे शिरते हे पुस्तकातल्या आकृतीऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल.