पोटरीची कळ आणि आपण व्यापारी

पोत्यात सळई खुपसून ओंजळभर दाणा काढला की त्यात ओल किती, खडा किती, हे आपण व्यापारी तत्काळ सांगतो. स्वतःच्या पायांकडे मात्र महिनोन्‌महिने पाहत नाही. ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला मॅट्रिकच्या परीक्षेने दिलेला नाही. तो माझ्या डाव्या पोटरीने दिला आहे.

चार वर्षांपूर्वी बेळगावच्या रविवार पेठेतून घरी परतताना पोटरीत कळ येऊ लागली. थांबलो की ती जाई. तितकेच अंतर चाललो की पुन्हा येई. घरच्यांनी वात ठरविला व मीही तो मानला. थांबण्याची लाज वाटे, म्हणून एखाद्या दुकानापुढे उभा राहून भाव विचारल्याचे सोंग करीत असे. असे एक वर्ष व्यर्थ गेले. पुढे डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून पाहिला. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पट वा त्याहून कमी भरला, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात. माझा ०.६ भरला. सुईदेखील टोचावी लागली नाही! मधुमेह्यांच्या धमन्या कडक झाल्या असल्यास मात्र हे माप फसवे ठरते. तेव्हा अंगठ्याचा दाब मोजतात.

माझे वडील बंधू अधिक दुर्दैवी. मधुमेहाने त्यांच्या तळपायाची जाणीव बोथट झाली होती. पाय गार पडतात म्हणून घरच्यांनी मायेने विटेचा शेक दिला. भाजल्याचे त्यांना कळलेच नाही, रक्त पुरेसे पोहोचत नसल्याने जखम भरेना, आणि अखेर दोन बोटे गमवावी लागली. गार पायास सैल लोकरी मोजा घालावा. शेक कदापि देऊ नये. अशा माणसाने दर्शनासही फरशी तापण्यापूर्वीच जावे.

संध्याकाळी पाय सुजून जड होणे व ते उशीवर ठेवताच हलके वाटणे, हा बहुधा शिरांचा दोष होय. रात्री बोटे ठणकून पाय खाटेखाली सोडल्यावर आराम पडत असेल, तर धमन्यांची शंका घ्यावी. अशा वेळी शेजाऱ्याचे ऐकून घट्ट मोजे चढविणे घातक ठरते. पाय एकाएकी पांढरा, गार व बधिर पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्रश्न तासांचा असतो.

पुष्कळ जण गादीवरील बैठकीस दोष देतात. मला तो मुख्य वाटत नाही. मुख्य दोष तंबाखूचा व मधुमेहाचा, त्यांच्या मागोमाग रक्तदाब व चरबी. निपाणीची तंबाखू आपल्याच जिल्ह्याची; तिच्यावर अनेक घरे उभी राहिली हे जाणूनही मी हे लिहीत आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ ब्युर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेला धमन्यांचा विकार विडी ओढणाऱ्या तरुणांना गाठतो आणि तंबाखू पूर्णपणे सोडल्यावाचून आटोक्यात येत नाही.

मला गोळ्यांबरोबर चालणेच सांगितले गेले. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे; अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. तीन महिन्यांनी फरक दिसला. आता घरापर्यंत एकदाच थांबतो, आणि भाव विचारीत नाही.

वार्षिक सभेच्या दिवशी संघाने ही तपासणी ठेवावी, आणि ती मालकांपुरती नसावी. पेठेतील हमालांचेही पाय त्याच रांगेत मोजले जावेत. जागेची अडचण असल्यास माझी वखार मोकळी करून देतो.