अक्षरे खरी, माल निराळा

लुगडे घेताना आपण पदर उलगडून पाहतो, तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली धरतो. संगणकाची प्रणाली मात्र अशी पारखता येत नाही; तेथे वर छापलेल्या अक्षरांवरच भिस्त.

२००६ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज व्हिस्टा’ यावयाची होती. तोवर दुकानांतले संगणक पडून राहू नयेत म्हणून त्यांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे स्टिकर झळकू लागले. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा घरोघरच्या ग्राहकांसाठी आली. नाव एक, आवृत्त्या अनेक. जिचे इतके कौतुक चालले होते ती ‘एरो’ नामक पारदर्शक खिडक्यांची शोभा ‘होम बेसिक’ या स्वस्त आवृत्तीत नव्हतीच, आणि स्टिकर मिरवणाऱ्या कित्येक संगणकांना पेलण्यासारखी होती तेवढीच! ‘व्हिस्टा चालेल’ हे खोटे नव्हते, हीच त्यातली मेख.

ग्राहक सिएटलच्या न्यायालयात गेले. तेथे २००८ साली कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. इंटेलचा ९१५ हा चिपसंच बसावा म्हणून निकषच सैल केल्याचे त्यातून दिसले. कंपनीचे उपाध्यक्ष माइक नॅश स्वतःच या स्टिकरला भुलले होते; २,१०० डॉलर मोजून पदरी पडले ते केवळ ई-मेल पाहण्याचे यंत्र, अशी त्यांची तक्रार होती. घरच्या माणसाला जे उमगले नाही, ते दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला कसे उमगावे?

२००९ साली न्यायालयाने दाव्याचे सामूहिक स्वरूप काढून घेतले. ज्याने त्याने आपापले भांडावे, एवढेच उरले.