वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: नागपूरहून घरी परतल्यावर आधार कुणाचा? भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात 'सोबती' रुग्ण का हवेत?

फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीर कार्यक्रमात एक आव्हान दिलं. वजन कमी करा, प्रत्येक किलोमागे मतदारसंघातल्या विकासकामांसाठी १ हजार कोटी रुपये देतो, असं ते आव्हान होतं. एकेकाळी आपलं स्वतःचं वजन १३५ किलो होतं आणि आता ते ९३ किलो आहे, असंही गडकरींनी तेव्हा सांगितलं.

हजार कोटींचा व्हीडिओ व्हायरल झाला. त्यामागची एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात राहिली नाही. सप्टेंबर २०११मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तेव्हा त्याच्या बातम्याही झाल्या होत्या.

नागपूरच्या एवढ्या मोठ्या नेत्याची शस्त्रक्रिया सगळ्यांना माहीत आहे. पण तिथून ६० किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात एखाद्या शिक्षिकेने किंवा दुकानदाराने तीच शस्त्रक्रिया केली, तर बहुतेक वेळा 'डायट केलं' एवढंच सांगितलं जातं. या गुप्ततेमुळे पुढच्या रुग्णाला विचारायला कुणी सापडत नाही. प्रश्न फक्त लाजेचा नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांवर त्याचा थेट परिणाम होतो.

शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं?

या शस्त्रक्रियांना 'बेरियाट्रिक सर्जरी' म्हणतात. त्यातले दोन प्रकार जास्त केले जातात.

'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी'मध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि नळीसारखा छोटा भाग उरतो. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत खाण्याची क्षमता कमी होते आणि भूक व साखर नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांवरही परिणाम होतो. म्हणूनच टाइप-२ मधुमेह असलेल्या अनेकांची साखर शस्त्रक्रियेनंतर लवकर आटोक्यात येते.

ही 'चरबी काढण्याची' म्हणजे लायपोसक्शनची शस्त्रक्रिया नव्हे. हा गैरसमज अजूनही सर्रास दिसतो.

ती कुणासाठी असते?

यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती, हे पाहतात. भारतीय विमा नियामक 'आयआरडीएआय'ने २०१९मध्ये ठरवलेल्या चौकटीनुसार, डॉक्टरांचा सल्ला असेल, वय किमान १८ असेल आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, तर या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात बसू शकतो. बीएमआय ३५ किंवा जास्त असेल आणि वजन कमी करण्याचे इतर उपाय करूनही अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तरीही तो बसू शकतो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचं वजन सुमारे ९० किलो असेल तर बीएमआय ३५ होतो आणि १०२ किलोला तो ४० होतो.

वैद्यकीय निकष विम्यापेक्षा सैल आहेत. बेरियाट्रिक सर्जनच्या दोन संघटनांनी २०२२मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, आशियाई लोकांमध्ये बीएमआय २७.५पासूनच या उपचाराचा विचार करता येतो. डॉक्टर हो म्हणतात पण विमा कंपनी नाही म्हणते, असं घडण्याचं हे एक कारण आहे.

घरी आल्यावर काय बदलतं?

शस्त्रक्रिया काही तासांची आणि दवाखान्यातला मुक्काम काही दिवसांचा असतो. नियम मात्र आयुष्यभराचे असतात.

आधी काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. जेवताना पाणी प्यायचं नाही, साधारण अर्धा तास थांबायचं. रोज किमान ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सुरू राहतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.

आता हे भंडाऱ्यातल्या घरात ठेवून पाहा. हा धानाचा जिल्हा आहे. सकाळ-संध्याकाळ ताटात भात असतोच. शस्त्रक्रियेनंतर ताटातला क्रम उलटा करावा लागतो. आधी अंडी, मासे, डाळ, पनीर किंवा दही, मग भाजी, आणि पोटात जागा उरलीच तर दोन घास भात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, घरी पाहुणे येतात, आग्रह होतो. बायपास झालेल्या माणसाने आग्रहाखातर गोड खाल्लं, तर धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ असा त्रास होऊ शकतो. याला 'डम्पिंग' म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, नखरे चालले आहेत.

अंतर हा आणखी एक प्रश्न आहे. २०११च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. मोठ्या उपचारांसाठी लोक सहसा नागपूर गाठतात. भंडारा शहरातून ते ६० किलोमीटर असलं, तरी लाखांदूर किंवा साकोलीतून ते बरंच लांब पडतं. म्हणजे तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी किंवा रजा, गाडीभाडं आणि सोबत घरचं कुणीतरी. वजन उतरतंय, बरं वाटतंय, मग कशाला जायचं, असा विचार इथूनच सुरू होतो. कमतरता मात्र वर्षभराने हळूच डोकं वर काढते.

'सोबती' रुग्ण काय देऊ शकतो?

आधी ही शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. पण दवाखान्याच्या कागदावर न मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिच्याकडे असतात.

पहिली गोष्ट म्हणजे काळाचा अंदाज. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले की अनेकजण हादरतात. वजन वेगाने उतरलं की असं होतं आणि बहुतेकांचे केस नंतर परत येतात, हे त्यातून गेलेल्या माणसाने सांगितलं की धीर येतो. एखाद्या महिन्यात काटा अजिबात हलत नाही, तेव्हाही तसंच. वजन सर्वाधिक उतरतं ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात. नंतर काहींचं थोडं परत वाढतं. हे आधी माहीत असेल, तर माणूस स्वतःला दोष देत तपासणी टाळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजच्या जगण्यातल्या युक्त्या. लग्नाच्या पंगतीत ताट कसं वाढून घ्यायचं, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर काय न्यायचं, विम्यासाठी कोणते जुने रिपोर्ट जपून ठेवायचे, सैल झालेल्या त्वचेसोबत कसं राहायचं. अशा गोष्टी विचारायला रुग्णाला डॉक्टरांसमोर संकोच वाटतो किंवा वेळ पुरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'तू सोपा मार्ग निवडलास' या टोमण्याला उत्तर. ज्याने वर्षानुवर्षं उपास, चालणं, काढे सगळं करून पाहिलं, त्याला हा टोमणा सर्वांत जास्त लागतो.

लोक लपवतात का?

सोशल मीडिया वापरणाऱ्यांना २०१७चा एक प्रसंग आठवत असेल. मुंबई महापालिका निवडणुकीच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून 'हेवी' बंदोबस्ताची कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हे, मध्य प्रदेशचा निघाला. त्या फोटोमुळे त्या अधिकाऱ्यापर्यंत डॉक्टर पोहोचले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. गोष्टीचा शेवट चांगला झाला, पण सुरुवात देशभर झालेल्या थट्टेने झाली होती.

वजनावरून थट्टा होते आणि शस्त्रक्रिया केली तर 'एवढी काय गरज होती' असंही ऐकावं लागतं. लग्नाच्या वयातल्या मुलींवर हा दबाव दुहेरी असतो. त्यांच्यासाठी एक माहिती फार महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढलेली असते. शस्त्रक्रियाच लपवून लग्न झालं, तर ही गोष्ट नवऱ्याशी बोलायची कशी?

संशोधन काय सांगतं?

'ओबेसिटी रिव्ह्यूज' या नियतकालिकात २०११मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर आधारगटात येणाऱ्या रुग्णांचं वजन जास्त उतरल्याचं त्यात दिसलं. अर्थात, जे मुळातच जिद्दीने नियम पाळतात तेच गटातही नियमित येत असतील, ही शक्यता उरते.

तरीही अनेक देशांनी आधारगट उपचाराचा भाग मानले आहेत. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शस्त्रक्रियेनंतर किमान २ वर्षं पाठपुरावा करावा आणि रुग्णाला आधारगटांची माहिती द्यावी, असं म्हटलं होतं. अमेरिकेत बेरियाट्रिक केंद्रांना मान्यता मिळवायची असेल, तर नियमित आधारगट चालवावे लागतात.

मनाच्या आरोग्याचा मुद्दाही यात येतो. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ८,८१५ रुग्णांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तुलनेत नंतरच्या काळात स्वतःला इजा करून घेतल्याने तातडीच्या उपचारांसाठी येण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एकूण रुग्णांत ही संख्या कमी होती, पण दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. अमेरिकेतल्या २०१२च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचं प्रमाण वाढलेलं आढळलं. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, हे त्यामागचं एक कारण आहे. शरीर बदललं की आयुष्यातले सगळे प्रश्न सुटतील, ही अपेक्षा मोडते तेव्हा बोलायला कुणीतरी लागतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सल्ला कधी ऐकू नये?

सोबती रुग्णाचा अनुभव त्याच्या शरीराचा असतो. तुमची शस्त्रक्रिया, औषधं आणि आजार वेगळे असू शकतात. त्यामुळे पुढच्या बाबतीत ग्रुपवर विचारत बसू नये, थेट डॉक्टरांना गाठावं:

• पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी खूप जलद, पोटात तीव्र दुखणं, दम लागणं किंवा पोटरीला सूज. टाके गळणं किंवा रक्ताची गुठळी होणं, ही जीवघेणी कारणं त्यामागे असू शकतात.
• सतत उलट्या. यातून बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि नसांना कायमची इजा होऊ शकते.
• काळी शौच किंवा रक्ताची उलटी.
• मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस. 'माझं इन्सुलिन बंद झालं, तूही बंद कर' हा सल्ला धोकादायक आहे.
• अंगदुखीच्या गोळ्या. मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

तंबाखूबद्दलही हेच. पूर्व विदर्भात खर्रा इतका रोजचा आहे की अनेकजण तो व्यसनात धरतच नाहीत. डॉक्टर तंबाखू सोडायला सांगतात, तेव्हा त्यात खर्राही येतो.

आता यात वजनाच्या इंजेक्शनांची भर पडली आहे. मार्च २०२५मध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोवी' भारतात आलं. शस्त्रक्रिया की इंजेक्शन, हा निर्णय फॉरवर्ड वाचून घेण्यासारखा नाही.

आणखी एक सावधगिरी. काही गटांत सल्ल्याच्या आडून प्रोटीन पावडर किंवा विशिष्ट दवाखान्याची जाहिरात चालते. गटात आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर आहेत का, सदस्यांचे फोटो आणि रिपोर्ट बाहेर जात नाहीत ना, हे आधी पाहावं.

भंडाऱ्यात काय करता येईल?

राज्यात २०२४मध्ये १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता मिळाली, त्यात भंडाऱ्याचाही समावेश आहे. शस्त्रक्रिया नागपुरात झाली तरी रक्त तपासणी, आहाराचा सल्ला आणि महिन्यातून एक बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकली, तर रुग्णाच्या खेपा वाचतील. नागपूरच्या सर्जनला त्या बैठकीत व्हीडिओवरूनही जोडता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खोली, एक आहारतज्ज्ञ आणि बोलायला तयार असलेले दोन-चार जुने रुग्ण पुरतात. ठरलेल्या दिवशी गोल करून बसायचं आणि अडचण मांडायची, ही सवय बचत गटांनी गावोगावी आधीच लावलेली आहे.

तोपर्यंत शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने दवाखान्यात हे चार प्रश्न जरूर विचारावेत: माझ्यासारख्या एखाद्या जुन्या रुग्णाशी, त्यांच्या संमतीने, बोलता येईल का? शस्त्रक्रियेनंतर पाठपुरावा किती वर्षं आणि किती खर्चात? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? माझ्या तालुक्यात कोणत्या तपासण्या करून रिपोर्ट पाठवले तर चालतील?

मन फार खचलं असेल तर 'टेलि-मानस' या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ क्रमांकावर, मोफत बोलता येतं. आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत, त्यांनी सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही. आपल्या डॉक्टरांकडे 'कुणाला बोलायचं असेल तर माझा नंबर द्या' एवढं सांगून ठेवलं, तरी तालुक्यातला पुढचा रुग्ण एकटा राहणार नाही.