जुनी माहिती जपा, पण महागड्या जागेत नको

दुकान, दवाखाना, फोटो स्टुडिओ, छोटा कारखाना किंवा सल्लागाराचं ऑफिस चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. या महिन्यात एक तास काढा आणि आपल्या धंद्यातली कुठली माहिती किती वर्षं ठेवायची, हे कागदावर लिहून काढा. हा कागद तयार असला की जुन्या फाइली स्वस्त जागेत हलवण्याचं काम यंत्राकडून आपोआप करून घेता येतं. तो नसेल तर यंत्र नको त्या फाइली नको त्या वेळी हलवतं आणि त्याची किंमत आपल्याला ऐन घाईच्या दिवशी मोजावी लागते.

आज बहुतेक ठिकाणी दोनच प्रकार चालतात. क्लाउडवरची जागा भरली की मालक पैसे भरून ती वाढवून घेतो आणि पाच वर्षांपूर्वीच्या, कुणी न उघडलेल्या फाइलींचंही पूर्ण भाडं दर महिन्याला भरत राहतो. नाहीतर एखाद्या दिवशी जागा करण्यासाठी ऑफिसातलं कुणीतरी जुनं फोल्डर पुसून टाकतं. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात पुरावा जातो. दोन्ही टाळता येतं.

घरात रोजचे डबे ओट्यावर आणि सणावाराची भांडी माळ्यावर असतात, तसेच क्लाउड कंपन्यांनीही साठवणीचे वर्ग केले आहेत. ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत रोजच्या वापराचा ‘स्टँडर्ड’ वर्ग आहे आणि सर्वांत स्वस्त ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’. गुगलकडे स्टँडर्ड, नियरलाइन, कोल्डलाइन आणि आर्काइव्ह असे चार वर्ग आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरमध्ये हॉट, कूल, कोल्ड आणि आर्काइव्ह. ‘फाइल इतक्या दिवसांची झाली की पुढच्या वर्गात न्या,’ असा नियम एकदा लावला की रोज कुणाला लक्ष घालावं लागत नाही.

फरक किती पडतो, ते लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओच्या उदाहरणाने पाहू. समजा, मूळ फोटो आणि व्हिडिओ मिळून २,००० जीबी साठले आहेत. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्राचा स्टँडर्ड वर्गाचा दर महिन्याला जीबीमागे साधारण २.३ सेंट आहे, म्हणजे महिन्याला ४६ डॉलर. डीप आर्काइव्हचा दर जीबीमागे सेंटचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे तेवढ्याच फाइलींना महिन्याला सुमारे २ डॉलर. मुंबई केंद्राचे दर वेगळे आहेत, पण तिथेही तफावत मोठीच आहे.

हा आकडा पाहून सगळंच्या सगळं लगेच सर्वांत स्वस्त वर्गात टाकू नका. स्वस्त वर्गात ठेवायला पैसे कमी लागतात, परत काढायला मात्र वेळ लागतो आणि पैसेही लागतात. डीप आर्काइव्हमधली फाइल नेहमीच्या पद्धतीने मागवली तर १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि सर्वांत स्वस्त पद्धतीने मागवली तर ४८ तासांपर्यंत. वर बाहेर काढण्याचं शुल्क वेगळं आणि इंटरनेटवरून उतरवून घेण्याचं आणखी वेगळं. व्हर्जिनियातून उतरवून घेताना महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत असतात, नंतर जीबीमागे ९ सेंट. ३०० जीबीचं एक लग्न परत आणायला एवढ्यावरच १८ डॉलर जातात. म्हणून स्टुडिओवाल्यांनी ग्राहकाला दिलेले अंतिम फोटो आणि अल्बमची फाइल हाताशी ठेवावी, आणि अल्बम देऊन सहा महिने झाले की फक्त मूळ, न सुधारलेलं चित्रण मागे जाऊ द्यावं. ग्राहक वाढदिवसाला एखादा फोटो मागतो, तो याच अंतिम फोटोंतला असतो.

स्वस्त वर्गांना किमान मुदतीची अटही असते. डीप आर्काइव्हमध्ये ती १८० दिवसांची आहे आणि गुगलच्या आर्काइव्हमध्ये ३६५ दिवसांची. त्याआधी फाइल पुसली तरी उरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. ज्या फाइली तीन महिन्यांत टाकूनच द्यायच्या आहेत, त्या तिथे पाठवण्यात काहीच फायदा नाही.

आता नियम लावताना हमखास चुकणाऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे फाइलीचं वय. एस-थ्रीचा साधा नियम फाइल तिथे चढवल्या दिवसापासून दिवस मोजतो. तुम्ही २०१६ची बिलं आज चढवलीत, तर त्याच्या लेखी ती आजची. तुम्ही ती फाइल शेवटची कधी उघडलीत, हेही तो पाहत नाही. वापर पाहून हलवायचं असेल तर ‘इंटेलिजंट टिअरिंग’ नावाचा वर्ग आहे. ३० दिवस कुणी न उघडलेली फाइल तो कमी दराच्या स्तरात नेतो, ९० दिवसांनंतर आणखी खाली नेतो, आणि उघडली की परत वर आणतो. या दोन्ही स्तरांतली फाइल मागितल्यावर लगेच मिळते. कुठली फाइल कधी लागेल याचा अंदाजच नसेल, तर सुरुवात इथून करा.

दुसरी गोष्ट लहान फाइलींची. एका बिलाची पीडीएफ ५०-६० केबीची असते. एस-थ्रीचा नियम आता १२८ केबीपेक्षा लहान फाइली, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, हलवतच नाही. तुम्हाला वाटतं नियम लागला, आणि हजारो बिलं महागड्या वर्गातच पडून राहतात. मुद्दाम सांगून हलवलीत तरी प्रत्येक फाइलीमागे हलवण्याचं शुल्क लागतं आणि डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येकीबरोबर ४० केबीची नोंद वाढते. यावर उपाय सोपा आहे. वर्ष संपलं की त्या वर्षाची बिलं महिन्यावार एकत्र करून बारा झिप फाइली करा आणि आत काय आहे याची यादी वेगळी, हाताशी ठेवा. यादी नसेल तर एक बिल शोधायला बाराही झिप बाहेर काढाव्या लागतील.

किती वर्षं ठेवायचं, याचा पाया कायद्यात आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब आणि कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२३-२४ची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ती बिलं ३१ डिसेंबर २०३०पर्यंत हवीत. अपील किंवा तपास चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा ही ७२ महिन्यांची मुदत, यांतलं जे उशिराचं असेल तोवर. कंपनी असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १२८ मागच्या ८ आर्थिक वर्षांची पुस्तकं ठेवायला सांगतं. संगणकावर पुस्तकं ठेवणाऱ्या कंपनीचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर गेला पाहिजे, असाही नियम आहे. तेव्हा चार पैसे वाचतात म्हणून परदेशातलं केंद्र निवडू नका. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, गुगलची मुंबई आणि दिल्लीला, मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र पुण्यात आहे. तुमच्या धंद्याला आणखी कुठले नियम लागतात, ते आपल्या सीएला विचारून त्याच कागदावर लिहा.

काही फाइली या नियमाच्या आसपासही येऊ देऊ नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चालू फोल्डर हलवायचं नाही. त्यातली एक फाइल जरी मागे गेली तरी सॉफ्टवेअर उघडताना अडतं. हलवायचा तो बंद झालेल्या वर्षाचा बॅकअप. त्याच्यासोबत खातेवही, ताळेबंद आणि बिलांची यादी पीडीएफ आणि एक्सेलमध्येही काढून ठेवा, कारण सात वर्षांनी तेच सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीत, चालू अवस्थेत मिळेलच असं नाही.

पुसण्याचा नियम सुरुवातीलाच लावू नका. पहिलं वर्ष फक्त हलवू द्या. सगळं नीट चाललंय याची खात्री झाली की मग मुदत संपलेलं पुसायचं ठरवा, आणि तेव्हा मात्र मागेपुढे पाहू नका. ग्राहकांच्या आधारच्या प्रती, फोन नंबर, तपासणीचे रिपोर्ट स्वस्तात राहतात म्हणून कायमचे साठवणं योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३चा कायदाही तेच सांगतो: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसेल, तर ती पुसली पाहिजे. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: वर्षातून एकदा मागे गेलेली एक फाइल परत मागवून उघडून पाहा. जीएसटीचं वार्षिक विवरण डिसेंबरअखेर भरून झालं की जानेवारीचा पहिला आठवडा याला चांगला. किती तास लागले, किती पैसे पडले, पासवर्ड कुणाकडे होता आणि फाइल खरंच उघडली का, हे त्याच कागदावर तारखेसह लिहा. क्लाउडचं खातं मालकाच्या किंवा संस्थेच्या ईमेलवर असू द्या, संगणक बघणाऱ्या मुलाच्या नको. तो उद्या दुसरीकडे नोकरीला गेला तर तुमची आठ वर्षं त्याच्याबरोबर जायला नकोत.

नियम लावून द्यायला जाणकार माणूस बोलवा, त्याचे पैसे द्या. पण काय ठेवायचं, किती वर्षं आणि किती तासांत परत हवं, हे त्याला विचारू नका, त्याला सांगा. तुमचा धंदा तुम्हालाच माहीत आहे. तो कागद आजच लिहायला घ्या.