पदराखालचे हात



२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपणही दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या. बेळगाव असो की निपाणी, गल्लोगल्ली थाळ्यांचा आवाज घुमला. पुढे मंडळी पुन्हा एकत्र जमू लागली, तेव्हा आमच्यातील एक नर्सताई प्रार्थनेच्या वेळी हात पदराखाली धरू लागल्या. बोटांच्या सांध्यांवर भेगा, तळहाताची कातडी सोललेली. बाकावरचे कोणीतरी गजकर्ण समजून सरकून बसले. आम्ही ते पाहिले आणि गप्प राहिलो, हे आधी कबूल करतो.

तो होता हाताचा इसब. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. साबण जंतूंबरोबर कातडीतले तेलही धुऊन नेतो. दिवसभर हात धुणे आणि वर रबरी हातमोज्यांतला घाम. मग खाज, लाली आणि भेगा येतात. २०२० साली चीनच्या हुबेई प्रांतात पाहणी केलेल्या ५४२ आरोग्यसेवकांपैकी ५२६ जणांच्या कातडीला मास्क, हातमोजे आणि हात धुणे यांमुळे इजा झाली होती.

पिलातानेही हात धुतले, जबाबदारी झटकण्यासाठी. आमच्या या बहिणींनी धुतले ते परक्याच्या लेकराचा जीव वाचावा म्हणून. टाळ्या वाजवून आपण मोकळे झालो असू, तर आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत?

सेवा म्हणजे मुकाट सोसणे, ही शिकवण आम्हाला मान्य नाही. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातील आशाताईंनी मानधन आणि संरक्षण साहित्यासाठी काम थांबवले, तेव्हा त्या सेवेपासून पळाल्या नव्हत्या. जिथे साबण ठेवतात तिथे मलमही ठेवणे, हे दवाखाना चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे. हात मळलेले दिसत नसतील तेव्हा ग्लिसरीनयुक्त सॅनिटायझर साबणापेक्षा कातडीला सौम्य पडते. भेगांवर मात्र ते झोंबते. कोमट पाणी वापरावे, हात टिपून कोरडे करावेत, लगेच पेट्रोलियम जेली लावावी. पू झाला तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून मनानेच स्टिरॉइडचे मलम आणू नये.

पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण आपण करतो. त्या दिवशी मंडळीतील प्रत्येक नर्स, आया आणि आशाताईच्या हाती मलमाची एक डबी देऊ या, आणि तो हात आपल्या हातात घेऊ या.

उठलेल्या प्रभूने थोमाला आपले जखमी हात दाखवले. आपल्या मंडळीतही कोणाला हात लपवावे लागू नयेत. आमेन.